मस्टँगचे मागचे लोअर आर्म बदलताना

२००५ ते २०१४ च्या फोर्ड मस्टँगला मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच अखंड आसाने जोडलेली असतात. या अ‍ॅक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे म्हणजे लोअर आर्म; त्यांच्या टोकांना बुश (सांध्यातली नळीसारखी गादी) असतात. थांबलेली गाडी एकदम जोरात पळवली की मऊ रबरी बुश दबतात, अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळतो आणि चाकं थडथड उडतात. उपाय म्हणजे मजबूत लोअर आर्म. पण दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेनचे (टणक प्लास्टिकसारखे) बुश नकोत. वळणावर आर्मला पीळ बसतो, तो अडकला की मागची पकड अचानक सुटते. एका टोकाला सगळ्या दिशांना फिरू शकणारं गोलाकार बेअरिंग घ्या.

चाकांना अडण्या लावा, अ‍ॅक्सलला स्टँडचा आधार द्या, एका वेळी एकच आर्म काढा; नाहीतर अ‍ॅक्सल फिरतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन अ‍ॅक्सलवर असतानाच. चाकं हवेत असताना आवळले तर, रबरी बुश असेल तर तो पिळलेलाच राहतो, लवकर फाटतो.