फाइल समोर दिसत होती, सर्व्हरला सापडत नव्हती

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. विंडोज लॅपटॉपवर केलेलं रिअॅक्टचं (वेबपानं बनवायच्या साधनातलं) काम नीट चालत होतं, म्हणून पुश केलं, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये पाठवलं. आणि लिनक्स सर्व्हरवरचं बिल्ड (कोडपासून चालती साइट तयार करायची पायरी) 'मॉड्यूल सापडलं नाही' म्हणत कोसळलं. फाइल तर डोळ्यांसमोर होती! पाथ तीनदा तपासला, पॅकेजेस पुन्हा टाकली, कॅशे उडवला. शेवटी एका सिनियरने स्क्रीनवर बोट ठेवलं: फाइलच्या नावात 'हेडर'चा एच स्मॉल, ती फाइल बोलावणाऱ्या इम्पोर्टच्या ओळीत कॅपिटल.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे हा फरक आपल्या नजरेतून सहज निसटतो, असं मी स्वतःला समजावतो. संगणकासाठी मात्र कॅपिटल ए म्हणजे 65 आणि स्मॉल ए म्हणजे 97. लिनक्स हे आकडे जसेच्या तसे ताडून बघतं. विंडोज आणि मॅक तुम्ही दिलेलं नाव जपून ठेवतात, पण फाइल शोधताना, नेहमीच्या सेटिंगमध्ये, लहान-मोठं बघत नाहीत.

खरा घोळ पुढेच झाला. मी फाइलचा एच कॅपिटल केला, तर गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) म्हणे काहीच बदललं नाही. क्लोन करतानाच, म्हणजे कोडची प्रत आपल्या संगणकावर उतरवतानाच, गिट डिस्कचा स्वभाव पाहून लहान-मोठं न बघण्याचं 'इग्नोरकेस' सेटिंग चालू करून ठेवतं. ते बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. मीही केलं, आणि रेपोत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, एकाच फाइलच्या दोन नोंदी झाल्या. मॅकवाल्या सहकाऱ्याने नव्याने क्लोन केलं तेव्हा दोन पाथ एकमेकांवर आदळल्याची वॉर्निंग आली आणि डिस्कवर उतरली एकच फाइल. त्या सेटिंगला हात लावू नका. नाव बदलायला 'गिट एमव्ही' ही कमांड वापरा. फोल्डरचं नाव बदलायचं असेल तर आधी भलतंच तात्पुरतं नाव द्या, मग हवं ते. थेट केलं तर अडतं.

इम्पोर्ट चुकला तर निदान बिल्ड तरी बोंब मारतं. पब्लिक फोल्डरमधल्या चित्राचं नाव चुकलं तर बिल्ड हिरवं, आणि पानावर 404, म्हणजे 'सापडलं नाही'. डॉकरवरही (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनावर) फार विसंबू नका: मॅकवरचं फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केलंत, तर आत लिनक्स असूनही त्या फोल्डरचा स्वभाव मॅकचाच राहतो. फाइल्स इमेजमध्ये, म्हणजे कंटेनरच्या साच्यात, कॉपी करून बिल्ड केलं, तर चूक तिथेच पकडली जाते. टाइपस्क्रिप्ट या भाषेत फाइलनावांच्या केसची, म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांची, तपासणी 5.0 पासून आपोआप चालू असते. जुन्या प्रोजेक्टमध्ये ती कोणी बंद तर केलेली नाही ना, एवढं पाहा.

आमच्या टीमने नंतर सगळी नावं स्मॉल अक्षरांत, मध्ये हायफन, असं ठरवलं. कॉम्पोनंटच्या (पानाच्या एका सुट्या भागाच्या) फाइलला कॅपिटल हवंच म्हणणाऱ्यांशी दोन मीटिंगा वाद चालला, तो वेगळाच. मग वाटलं, सुटलो. तेवढ्यात मायएसक्यूएल या डेटाबेसने गाठलं: तिथे नेहमीच्या सेटिंगमध्ये टेबलच्या नावातलंही लहान-मोठं लिनक्सवर तंतोतंत जुळावं लागतं, विंडोजवर नाही.