घर विकण्यापूर्वी छप्पर: किती दुरुस्त करावे, केव्हा बदलावे

घर विकायचे ठरल्यावर गवंड्याला बोलावण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे: येणारा माणूस घर विकत घेणार आहे, की जागा? कोल्हापुरातील शिवाजी पेठ, मंगळवार पेठ किंवा शुक्रवार पेठेतील जुने कौलारू घर घेणारे पुष्कळ जण ते उतरवून नवे बांधण्याच्या तयारीने येतात. अशा व्यवहारात भाव ठरतो तो जागेच्या क्षेत्रफळावर, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि कागदपत्रांवर; नव्या लाकडात घातलेला पैसा किमतीतून परत येत नाही. तेथे छप्पर खचणार नाही आणि शेजाऱ्याच्या भिंतीत पाणी मुरणार नाही, एवढीच दुरुस्ती पुरेशी आहे. राजारामपुरीत किंवा उपनगरात राहण्यासाठी घर शोधणारे कुटुंब मात्र पहिल्याच पावसाळ्यात आत असणार आहे. त्याच्यासाठी कोरडे छप्पर हा सौद्यातील पहिला मुद्दा असतो, आणि तेथे नीट केलेले काम वाया जात नाही.

कामाची वेळही महत्त्वाची आहे. कोल्हापुरात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणून काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उरकावे. मेमधील वळीव मग झालेल्या कामाची परीक्षा घेतो. पाहणीसाठी मात्र पावसाळा संपल्यावर लगेचचे दिवस सर्वांत चांगले, कारण ओलीचे डाग तेव्हा ताजे असतात. प्रत्येक डागाचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवावे.

ओल दिसली की ती छपरातूनच आली, असे समजू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरले, तेथील भिंती खालून भिजल्या. अशी ओल जमिनीपासून वर चढते आणि तिची रेघ बहुधा सरळ, आडवी असते. छताची गळती भिंतीच्या माथ्यावरून खाली ओघळते, पंख्याच्या हुकाभोवती गोल डाग करते किंवा बाथरूमच्या बाजूला बाराही महिने दिसते. शेवटच्या प्रकारात दोष नळाचा किंवा फरशीच्या सांध्याचा असतो, आणि गच्चीवर कितीही खर्च केला तरी तो डाग जात नाही.

मंगलोरी कौलांच्या घरात गळणाऱ्या जागी दोन-चार कौले बदलून सहसा भागत नाही. पाणी एका ठिकाणी शिरते, कौलांखालच्या लाकडी पट्टीवरून, म्हणजे रिपेवरून, घरंगळते आणि हातभर दूर जाऊन टपकते. म्हणून दिवसा माळ्यावर अंधार करून वर पाहावे. जेथून उजेडाची तिरीप येते, तेथून पाणीही येते. त्यानंतर लाकूड तपासावे. आढे, तुळया आणि वासे पेचकसाने टोचून पाहावेत, आणि वाशांची भिंतीत गेलेली टोके तर अवश्य पाहावीत, कारण ओल आणि वाळवी तेथूनच सुरुवात करतात व बाहेरून लाकूड धडधाकट दिसत राहते. लाकूड शाबूत असेल तर शाकारणी पुरते: कौले उतरवून, घासून, फुटकी वेगळी काढून, कुजलेल्या रिपा बदलून पुन्हा बसवावीत आणि आढ्यावरच्या कौलांचा चुना किंवा सिमेंट नव्याने भरावे. दोन पाख्यांच्या सांध्यातील पत्र्याची पन्हळ गंजली असेल तर ती याच वेळी बदलावी. माझ्या पाहण्यात जुन्या घरांच्या निम्म्या तक्रारी त्या एका पन्हळीपाशी संपतात. आढे वाकले असेल किंवा बऱ्याच वाशांची टोके गेली असतील, तर मात्र छप्परच बदलावे.

बदलताना कौलांऐवजी पत्रा घालण्याकडे कल असतो, आणि तो स्वस्त व हलका पडतो हे खरे आहे. परंतु या हलकेपणापासूनच येथे जपायचे असते. कौलांचे छप्पर स्वतःच्या वजनाने बसून राहते. पत्रा वळवाच्या वाऱ्यात उचलला जातो. त्यामुळे लोखंडी सांगाडा भिंतीत पक्का गुंतवावा, स्क्रू वॉशरसह बसवावेत आणि पत्र्यांच्या उभ्या जोडाची उघडी कड वाऱ्याच्या दिशेला ठेवू नये. जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर ते फोडू नयेत. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. पत्रे ओले करून अखंड उतरवावेत.

स्लॅबच्या घरात सर्वाधिक फसवणूक रंगाने होते. आमचे जुने घर विकताना आम्हीही कंत्राटदाराच्या सांगण्यावरून छताचे पोपडे खरवडून पुट्टी आणि रंग मारला. जुलैमध्ये घर पाहायला आलेल्या कुटुंबासमोर तोच डाग पुन्हा उमटला, आणि त्यानंतर त्यांनी आमच्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही. तो विश्वास गमावल्याचे मला आजही वाईट वाटते.

स्लॅबच्या खालून काँक्रीटचे खपले निघून गंजलेली सळई दिसत असेल, तर त्यावर नुसता गिलावा करू नये. गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि नव्या गिलाव्यालाही ढकलून पाडतो. सैल काँक्रीट पूर्ण काढावे, सळई घासून तिला गंजरोधक लेप द्यावा आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भर द्यावी. सळईची जाडीच घटली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा पोकळ वाजत असेल तर तो काढूनच नवा करावा. ४ इंच कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास जाते, त्यामुळे जुन्यावर दुसरा थर चढवणे धोक्याचे आहे. उतार १०० ला १ असावा, म्हणजे १० फुटांत सव्वा इंच, आणि कठड्याच्या सांध्यावर गोलाई द्यावी. काम झाल्यावर पाणी जाण्याची तोंडे बंद करून इंच-दोन इंच पाणी दोन-तीन दिवस साठवून पाहावे. मात्र स्लॅब आधीच कमकुवत असेल तर ही चाचणी इंजिनिअरला विचारल्याखेरीज करू नये.

पेठांतील घरांना शेजाऱ्याची समाईक भिंत असते. आपल्या पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडते आणि त्याला किती वर्षे हरकत नाही, हे काम काढण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलून घ्यावे, नाहीतर तो वाद नेमका दस्ताच्या आठवड्यात उभा राहतो. आहे त्याच मापात दुरुस्ती करणे वेगळे आणि छपराची उंची वाढवणे वेगळे; दुसऱ्यासाठी महापालिकेची परवानगी लागते. फ्लॅट असेल तर गच्चीच्या गळतीचा खर्च आदर्श उपविधींनुसार गृहनिर्माण संस्थेने करायचा असतो, तेव्हा संस्थेकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच ठेवावी.

दुरुस्ती करणे परवडत नसेल तर किंमत कमी करून तसे विकावे, पण दोष झाकू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. गळती कोठे होती आणि काय केले, हे साठेखतात दोन ओळींत लिहावे. घरफाळ्याच्या पावत्या आणि मालमत्ता पत्रक यांच्याच फाइलमध्ये कामाची बिले, हमीपत्र आणि आधीची-नंतरची छायाचित्रे लावावीत. छप्पर पूर्ण बदलल्याचा खर्च भांडवली नफ्याच्या हिशोबातही मागता येतो, म्हणून बिले करसल्लागाराला दाखवावीत. किरकोळ डागडुजीला ती सवलत नाही.

कौलारू घर असेल तर शाकारणीतून उरलेली चांगली कौले भंगारात देऊ नयेत. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि जुन्या मापाची कौले मिळणे अवघड झाले आहे. वीस-पंचवीस कौले माळ्यावर रचून ठेवावीत आणि किल्ल्या देताना नव्या मालकाला ती जागा दाखवावी.