मटकीचा श्वास मोजताना

बिया श्वास घेतात असं सांगितलं की अकरावीची मुलं मान डोलावतात आणि वहीत उतरवून घेतात. पण नळीतला लाल थेंब मटकीच्या दिशेने सरकायला लागला की अख्खा वर्ग बाकांवरून उठून टेबलाभोवती गोळा होतो. साताऱ्यात जीवशास्त्र शिकवताना हा प्रयोग मी दरवर्षी लावते. घरीही तो सहज जमेल.

मोड आलेली मटकी ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. सोडलेला वायू सोडालाइमने (चुन्यापासून केलेल्या दाण्यांनी) शोषून घेतला, की बंद सिरिंजमधली हवा मटकीने वापरलेल्या ऑक्सिजनइतकीच कमी होते. तेवढी जागा भरायला थेंब आत सरकतो.

मेडिकलमधून २० मिलिलिटरच्या दोन सिरिंज आणि दोन स्काल्पव्हेन सेट (सलाइन लावायच्या, नळी जोडलेल्या बारीक सुया) आणा. सुया मोठ्या माणसाने कापून नीट टाकून द्यायच्या. आपल्याला सेटची फक्त बारीक नळी हवी, ती सिरिंजच्या तोंडावर घट्ट बसते. सोडालाइम कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घ्या. भूल देण्याच्या यंत्रात रुग्णाचा उच्छ्वास शुद्ध करायलाही हेच दाणे वापरतात. ते त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतात, म्हणून चमच्यानेच उचला.

आता भरणी. दट्ट्या काढा आणि तोंडाशी कापसाचा पातळ थर द्या, नाहीतर एखादा दाणा भोक बंद करतो. त्यावर ५ ग्रॅम मटकी. मोड अर्धा-पाऊण सेंटिमीटरचे हवेत, वरचं पाणी फडक्याने टिपलेलं हवं. मग कोरडा कापूस, त्यावर मलमलीच्या पुरचुंडीत चमचाभर सोडालाइम, आणि शेवटी दट्ट्या. दाण्यांना सोडालाइम लागता कामा नये.

दुसरी सिरिंज अगदी तशीच भरा, फक्त मटकी उकडून पूर्ण गार केलेली घ्या. दोन्ही दट्ट्ये एकाच खुणेवर आणा. ही सिरिंज मुलांना नकोशी वाटते. "मॅडम, मेलेली मटकी कशाला?" एका वर्षी घाईत मीही ती गाळली. टेबल खिडकीशी होतं. थेंब आत जायचा सोडून बाहेर येऊ लागला आणि मला उत्तर देता येईना. ऊन सिरिंजवर आलं होतं, आतली हवा फुगली होती. उकडलेली मटकी शेजारी असती तर तिचाही थेंब बाहेर आला असता आणि उनाचा वाटा किती ते लगेच दिसलं असतं. तेव्हापासून दुसरी सिरिंज लागल्याशिवाय मी आकडा लिहू देत नाही.

दोन्ही सिरिंज एकाच पसरट पातेल्यात, साध्या पाण्यात बुडवा. नळ्या बाहेर काढून आलेख-कागदावर आडव्या चिकटवा. दहा मिनिटं हात लावू नका. मग वाटीत पाणी, खायचा लाल रंग आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब कालवा. साबणाने थेंब नळीला चिकटत नाही. नळीचं टोक त्यात टेकवून दट्ट्या केसभर मागे घ्या. पाच मिलिमीटरचा थेंब आत आला की टोक उचला. दर मिनिटाला दोन्ही थेंबांची जागा लिहा. थेंब सिरिंजच्या फार जवळ आला तर दट्ट्या हलकेच दाबून त्याला परत टोकाकडे पाठवता येतं.

नळी मोजून घ्या. १ मिलिलिटरच्या सिरिंजने तशाच रिकाम्या नळीत ०.१ मिलिलिटर पाणी सोडा आणि त्याची लांबी बघा. समजा ती ५० मिलिमीटर आली, तर १ मिलिमीटर म्हणजे ०.००२ मिलिलिटर. समजा पाच मिनिटांत जिवंत मटकीचा थेंब ६० मिलिमीटर आत गेला आणि उकडलेलीचा ४ बाहेर आला. मग खरा प्रवास ६४, म्हणजे ०.१२८ मिलिलिटर ऑक्सिजन. उकडलेलीचा थेंबही ४ आत गेला असता, तर खरा प्रवास ५६.

जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डला कबुतराच्या छातीच्या स्नायूचा ऑक्सिजन मोजला, तो ओटो वॉरबुर्ग यांच्या काचेच्या दाबमापीवर. त्या उपकरणातही नुसतं पाणी भरलेलं एक भांडं शेजारी असे, तापमानाचा आणि हवेच्या दाबाचा फरक वजा करायला. थोडंसं सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) घातलं की स्नायू जादा ऑक्सिजन घेई, आणि तो तेवढं सायट्रेट जाळायला लागेल त्याहून खूप जास्त असे. म्हणजे सायट्रेट संपत नव्हतं, फिरून तयार होत होतं. पाठ्यपुस्तकातल्या क्रेब्स चक्राला, म्हणजे पेशीत अन्न जाळणाऱ्या, फिरून सुरुवातीला येणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीला, असल्या मोजमापांचा आधार आहे, हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

जमलं की पाणी बदलून बघा. २० अंशांच्या पाण्यातला वेग ३० अंशांना साधारण दुप्पट होतो. दर वेळी दहा मिनिटं थांबायला विसरू नका.

मग माझा आवडता भाग. सोडालाइम काढून टाका. मटकी मुख्यतः पिष्ट जाळते, त्यामुळे ती जेवढा ऑक्सिजन घेते जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडते आणि थेंब जागीच राहतो. आता मटकीच्या जागी मोड आलेले शेंगदाणे भरा. शेंगदाणे मुख्यतः तेल जाळतात, आणि तेल जाळताना ऑक्सिजनच्या दर १० रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण ७ रेणू बाहेर पडतात. सोडालाइम नसतानाही थेंब शेंगदाण्यांकडे सरकायला लागतो.