अंडकोषात गाठ लागली तर

कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर अंडकोषाची कातडी सैल पडते. तपासणी तेव्हाच करा. एकेक गोळी, म्हणजे वृषण, अंगठा आणि दोन बोटांत हलकेच फिरवा. मागच्या बाजूला मऊ, दोरीसारखा भाग लागतो. तो अधिवृषण (एपिडिडिमिस), म्हणजे शुक्राणू साठवणारी नळी, गाठ नव्हे. पुष्कळजण इथेच उगाच घाबरतात. एक गोळी खाली लोंबणंही नेहमीचंच.

गोळीलाच चिकटलेली, टणक, न दुखणारी गाठ मात्र अंगावर काढू नका. दुखत नाही म्हणून थांबणं हीच मोठी चूक. वृषणाचा कर्करोग तरुणांत, साधारण १५ ते ४० वयात, जास्त आढळतो आणि लवकर सापडल्यास बहुतेकदा पूर्ण बरा होतो. सर्जन किंवा युरोलॉजिस्ट आधी सोनोग्राफी सांगतील, संशय असल्यास एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या. सुई घालून तुकडा सहसा काढत नाहीत, पेशी पसरण्याचा धोका असतो.

अंडकोष पाणी भरल्यासारखा फुगला असेल तर बहुधा हायड्रोसील. गडचिरोली, चंद्रपूरकडे त्यामागे हत्तीरोगही असू शकतो. शिश्नमुंडाच्या कडेला ओळीने बारीक मोत्यांसारखे दाणे निरुपद्रवी असतात. फुलकोबीसारखे मस्से किंवा न दुखणारा व्रण दिसला, तर सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक संसर्गांवरचा दवाखाना, गाठा.

अचानक तीव्र कळ आली, गोळी वर ओढली गेली, उलटी झाली, तर पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते. सकाळची वाट पाहू नका.