लॅटिन गद्याचे वाचन कसे सुरू करावे

बडोद्यातील मराठी कुटुंबांत शाळेपासून संस्कृत वाचलेली माणसे आजही भेटतात, आणि लॅटिन गद्याकडे वळण्यासाठी एवढी शिदोरी पुष्कळ आहे. विभक्तीचे प्रत्यय, नामाच्या लिंग-वचन-विभक्तीशी जुळणारे विशेषण आणि बहुधा वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद, या गोष्टी आपल्याला परक्या वाटत नाहीत. म्हणून आधी क्रियापद शोधा, ही इंग्रजीत लिहिलेल्या लॅटिन व्याकरणांतील सूचना बाजूला ठेवावी आणि वाक्य लिहिले आहे त्याच क्रमाने वाचावे.

प्राथमिक व्याकरण झाल्यावर लॅटिन गद्याचा उगम समजून घ्यावा. फाबियुस पिक्तोरसारखे रोमचे आरंभीचे इतिहासकार ग्रीकमध्ये लिहीत. रोमन राजकारणी थोरल्या कातोने (इ.स.पू. २३४–१४९) रोमचा इतिहास प्रथमच लॅटिन गद्यात लिहिला, त्याचे आता तुकडेच उरले आहेत. मात्र इ.स.पू. १६०च्या सुमारास त्याने लिहिलेले शेतीचे पुस्तक हे संपूर्ण स्वरूपात टिकलेले सर्वांत जुने लॅटिन गद्य होय. त्यातील ‘लीबुम’ या नैवेद्याच्या भाकरीची कृती अवश्य वाचावी: दोन पौंड चीज खलात चांगले घोटावे, त्यात एक पौंड पीठ व एक अंडे मिसळावे, खाली पाने घालून तापलेल्या चुलीवर मातीच्या झाकणाखाली मंद भाजावे. प्रत्येक वाक्य आज्ञार्थी आणि आखूड आहे. आपल्या आजीच्या वहीतील पाककृतीही अशाच असतात, त्यामुळे अर्थ चटकन लागतो.

सलग वाचनासाठी मात्र सीझर घ्यावा. गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) युद्धावरील त्याच्या वृत्तान्तात शब्दसंपदा मर्यादित आहे, छावणी, नदी, सैन्य, पुरवठा हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि लेखक स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करतो हे एकदा लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या लोएब मालिकेत मूळ पाठासमोर इंग्रजी भाषांतर असते. ते झाकून आधी मूळ दोनदा मोठ्याने वाचावे.

त्यानंतर रोमन वक्ता सिसेरो (इ.स.पू. १०६–४३), आणि त्याच्याकडे सर्वाधिक वेळ द्यावा. बहुतेक अभ्यासक्रम इ.स.पू. ६३ मधील कट रचणाऱ्या कातिलीनाविरुद्धच्या त्याच्या भाषणांपासून सुरुवात करतात. माझ्या मते पत्रे आधी वाचावीत. मुलगी तुल्लिया वारल्यावर तो मित्र अत्तिकुसला कळवतो की आपण सकाळी दाट, काटेरी रानात शिरतो आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. ज्याच्या सभेतील वाक्यांना एकात एक उपवाक्ये गुंफलेली असतात, तोच माणूस येथे किती थोडक्यात बोलतो, हे पाहिले की त्या भाषणांतील मोठी वाक्ये म्हणजे जाणीवपूर्वक केलेली रचना आहे हे उमगते. भाषणे वाचताना प्रत्येक उपवाक्य वहीत वेगळ्या ओळीवर उतरवावे.

रोमचा इतिहासकार लिव्ही याच्या १४२ पुस्तकांपैकी ३५ उरली आहेत. त्यांतील कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचा आल्प्स ओलांडण्याचा भाग पुरे. धाकट्या प्लिनीने इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाविषयी इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली पत्रेही या टप्प्यावर झेपतात. स्वतः टॅसिटस शेवटी ठेवावा, कारण तो अपेक्षित शब्द गाळतो आणि वाक्याचा तोल मुद्दाम मोडतो, आणि सिसेरोचा तोल कानात बसलेला असल्याशिवाय ते कळत नाही. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा दांडिया बाजारातील एखाद्या घरी दोघा-तिघांनी आठवड्यातून एकदा बसून त्याचा एकच परिच्छेद घ्यावा, आणि गाळलेला शब्द प्रत्येकाने आधी स्वतः भरून पाहावा.