अर्धं नको, अख्खं काम सोपवा

“तू फक्त सांग, मी करतो.” नोकरी करणाऱ्या चार आया एकत्र जमल्या की नवऱ्याचं हे वाक्य निघतंच, आणि सगळ्या हसतात. कारण सांगत राहणं हेच जास्त दमवतं.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ साली घर चालवताना डोक्यात सतत चालणाऱ्या या कामाचे चार भाग मांडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही ते बघणं. ठरवताना नवरे असतात. पहिलं आणि शेवटचं मात्र बहुतेक बायकांच्याच गळ्यात.

बाळाच्या लसीचंच घ्या. कार्ड काढून तारीख बघायची, डॉक्टरांची वेळ घ्यायची, त्या दिवशी कामावरून लवकर कोण निघणार ते ठरवायचं, ताप आला तर काय द्यायचं आणि किती, हे विचारून यायचं, रात्री उठून कपाळाला हात लावायचा, पुढची तारीख लिहायची. यातलं नुसतं दवाखान्यात नेऊन आणणं त्याने केलं, तर तुमच्या डोक्यावरचं काहीच उतरलं नाही. म्हणून द्यायचं तर कार्डासकट द्या.

बोलायचं कधी? सकाळी दारात चपला घालताना तर नक्कीच नाही, तेव्हा फक्त भांडण होतं. सुट्टीच्या दिवशी, मूल झोपल्यावर बसा. तक्रारींची यादी काढू नका, एकच काम घ्या. शाळेच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर त्याचा टाका, हा माझा सगळ्यात आवडता उपाय. औषधाचा डोस आणि मुलाला आणायची वेळ, यात हयगय चालणार नाही हे आधीच बोलून घ्या. बाकी मोजे दोन रंगांचे निघाले तर निघू देत. मागून सूचना सोडल्यात की काम परत तुमच्याकडे आलंच म्हणून समजा.

मूल एकटीने वाढवत असाल तर आजी, मावशी, सांभाळणाऱ्या बाई, ज्यांच्यावर सोपवाल त्यांना ठरवायची मुभाही द्या.

ऑफिसात मात्र कारणं कमी, वेळा जास्त सांगा. “सॉरी, घरी बाळ आहे ना” नको. “पाचला निघते, फाइल तीनपर्यंत तुमच्याकडे येईल” एवढं पुरे. आणि हे त्याच्याही साहेबांच्या कानावर पडू दे. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलंय, की केव्हाही हजर राहणाऱ्याला ज्या नोकऱ्या भरभरून पैसे देतात, तिथे मूल झाल्यावर बाईची कमाई मागे पडते. लवकर निघणारी दरवेळी तीच असेल तर पडणारच.

बाळंतपणाची रजा संपत आली असेल तर हे सगळं रुजू व्हायच्या आधी उरका. रजेत सगळं आपल्याकडेच असतं आणि तीच घडी बसते. एक अख्खा दिवस बाळ आणि बाबा, दोघंच घरी राहू देत. तुम्ही बाहेर. अडलं तर फोन त्याने करायचा, तुम्ही नाही.