दुबईत ऑफिस नंतर, आधी एचएस कोड

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्र्यांची (लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांची) निर्यातीची कागदपत्रं मी करते. नवीन आलेला उद्योजक बहुतेक वेळा पहिलं हेच विचारतो, "मॅडम, दुबईत कंपनी काढू का?" मी म्हणते, आधी मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाला दिलेला वर्गवारीचा आकडा, सांगा.

सगळं त्या आकड्यावर चालतं. एकाच भट्टीतलं बिडाचं कास्टिंग, पण मॅनहोलचं झाकण असेल तर ७३२५.१०, पंपाचं केसिंग असेल तर ८४१३.९१. हे पहिले सहा आकडे जगभर सारखेच. अमिरातीत साधारणपणे ५ टक्के सीमाशुल्क लागतं. १ मे २०२२ ला भारत आणि अमिरातीतला सेपा हा व्यापार करार लागू झाल्यापासून आपल्या बऱ्याच मालाला ते माफ आहे, पण आपोआप नाही. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या, पोर्टलवरून मूळ देशाचं प्रमाणपत्र काढावं लागतं. त्यातला कोड, वजन, वर्णन हे बिलाशी आणि पॅकिंग लिस्टशी तंतोतंत जुळवा. बिलावर 'पंप पार्ट्स' आणि प्रमाणपत्रावर नुसतं 'कास्टिंग' असेल, तर दुबईच्या जेबेल अली बंदरात खरेदीदाराची सवलत अडकू शकते. तो पुढची ऑर्डर कशाला देईल?

बाकीची तयारी सोपी. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) बंदरावर नोंदवा. एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षी नव्यानं भरा, नाहीतर आयजीएसटी हा कर भरून परताव्याची वाट बघत बसाल.

गुळाला तिथं खरोखर वाव आहे, लाखो भारतीय राहतात. पण मोठे रवे (ढेपा) चालणार नाहीत. अर्धा-एक किलोचं पॅक, अरबी लेबल, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख हवी. हायड्रॉस ही रंग उजळणारी पावडर मारून पिवळाधमक केलेला गूळ लॅबच्या रिपोर्टात उघडा पडतो, तो पाठवूच नका. गुऱ्हाळवाल्याशी हंगामाआधीच बोलून ठेवा. आपल्या कोल्हापुरी गुळाला आणि चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण त्या नावानं विकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या.

भाव डॉलरमध्ये द्या. दिरहम १९९७ पासून ३.६७२५ ला डॉलरशी बांधलेला आहे, त्यामुळे समोरच्यालाही अडचण नसते. नव्या गिऱ्हाइकाकडून काही रक्कम आगाऊ घ्या, उरलेल्याला एलसी, म्हणजे बँकेचं हमीचं पतपत्र. उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा काढा. "पाहुण्यांच्या ओळखीचा आहे" एवढ्यावर कंटेनर सोडू नका, कळकळीनं सांगते.

आता कंपनीचं. त्याच गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी परत परत यायला लागल्या, की तिथं भाड्याच्या गोदामात माल ठेवून बघा. तो खपला तरच लायसन्स. २०२१ पासून फ्री झोनबाहेरही (फ्री झोन म्हणजे सवलतींचं खास व्यापारी क्षेत्र) बहुतेक धंद्यांत १०० टक्के मालकी आपली ठेवता येते. फ्री झोनमध्ये सगळं करमुक्त, असं एजंट सांगतात. तसं धरून चालू नका. जून २०२३ पासून कंपन्यांना ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे आणि फ्री झोनची सूट अटींवर मिळते. एजंटला पैसे देण्याआधी आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागात जाऊन या. इथून भांडवल पाठवायचं तर ओडीआयचा (परदेशातल्या गुंतवणुकीचा) फॉर्म आधी भरावा लागतो.